अठराशे सत्त्याऐंशीचा फलंदाज

बहरीनच्या जुफैरमधल्या त्या सतरा मजली इमारतीत आणि तिच्या खालच्या घट्ट, दुधाळ करक चहाच्या दुकानात एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जायची. कॉर्नेलियस तुस्कानोने म्हणे लहूचं कार्ड बदललं. लहू हा त्या इमारतीचे एसी दुरुस्त करणारा साधा माणूस. एका अमेरिकन भाडेकरूने जाता जाता त्याला बेसबॉलचं एक कार्ड दिलं, एकोणिसाव्या शतकातलं, अगदी अस्सल. कॉर्नेलियस पडला छपाईच्या प्रेसमधला मुरलेला माणूस. त्याने तपासायला म्हणून ते चार दिवस घरी ठेवून घेतलं, तेवढ्यात हुबेहूब दुसरं छापलं, नकली लहूच्या हातात ठेवलं आणि अस्सल वसईला पाठवून दिलं. सांगणारे इथे चहाचा घोट घ्यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि मग विचारायचे की नंदाखालच्या त्याच्या घरावर यंदा नवीन पत्रे चढले ते काय नुसत्या पगारातून?

आता हा कॉर्नेलियस कोण, ते आधी बघू.

वसईतल्या नंदाखालचा हा माणूस अठ्ठ्याऐंशी साली बहरीनला आला तो ऑफसेट मशीनवर हेल्पर म्हणून. आज साठी उलटल्यावर तो तुबलीतल्या एका प्रेसमध्ये मशीनवरचा सुपरवायझर आहे. मधल्या काळात त्याने लग्नपत्रिका छापल्या, औषधांची खोकी छापली, शाळांची प्रगतिपुस्तकं छापली आणि इंग्रजी-अरबी अशा दोन भाषांतली असंख्य मेन्यू कार्डं छापली. त्यातली एक भाषा त्याला आजही वाचता येत नाही. एकदा पाचशे मेन्यू उलट्या बाजूने शिवून त्याने गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेवले होते, आणि ही हकीकत दुसऱ्या कोणी सांगायच्या आत तो स्वतःच सांगतो. त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "मी वाचत नाही, मी बघतो."

बघायला त्याच्याकडे लूप असतो. दहा पट मोठं दाखवणारं, अंगठ्याएवढं भिंग. प्रेसवाल्यांचं ते हत्यार. कॉर्नेलियसचा लूप काळ्या दोरीला बांधून चोवीस तास गळ्यात असतो. शर्टाच्या आत क्रॉस, शर्टाच्या बाहेर लूप. त्याची बायको अ‍ॅलिस हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिचं म्हणणं असं की कॉर्नीची श्रद्धा कशावर जास्त आहे ते वेगळं विचारायला नको.

तुस्कानोंचं घर त्याच इमारतीत. अमेरिकन नौदलाचा तळ जवळ, त्यामुळे तिथे अमेरिकन बरेच. दोन-तीन वर्षं राहायचे आणि जायचे. सहा-सात वर्षांपूर्वी त्यातल्या एकाने लिफ्टमध्ये कॉर्नेलियसला एक कार्ड मोठ्या कौतुकाने दाखवलं. पोस्टाने मागवलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा बेसबॉलचा खेळाडू. कॉर्नेलियसने सवयीने लूप लावला. लिफ्ट सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा निकाल तयार होता. आजच्या छपाईत रंग नसतो, ठिपके असतात. चार रंगांचे बारीक ठिपके फुलासारखे जवळजवळ बसतात आणि आपल्या डोळ्याला वाटतं आभाळ निळं आहे. जुन्या कार्डांवर एक तर खराखुरा फोटो चिकटवलेला असतो, नाही तर दगडावरून छापलेलं चित्र. तिथे असली फुलं उमलत नाहीत. या कार्डावर मात्र बाग फुलली होती. अमेरिकनाचा चेहरा पडला. पण माणूस दिलाचा, त्याने कॉर्नेलियसचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी तळावर जाऊन त्याची जाहिरात केली.

झालं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चहाच्या दुकानात कोणी ना कोणी कार्ड घेऊन बसू लागलं आणि कॉर्नेलियस अभ्यासाला लागला. अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात घालत, म्हणजे पाकीट चेपायचं नाही, हे तो शिकला. तेव्हाचे खेळाडू हातमोजे न घालता चेंडू झेलत, हे शिकला. फोटो काढायला इतका वेळ लागे की स्टुडिओत चेंडू दोऱ्याने छताला टांगून ठेवत आणि खेळाडू त्याच्याकडे झेप घेतल्यासारखा उभा राही, हेही शिकला. हल्लीचा पांढरा कागद जांभळ्या उजेडात निळसर चमकतो आणि जुना चमकत नाही, म्हणून चलन बदलून देणाऱ्या एक्स्चेंजच्या काउंटरवर बसणाऱ्या, ओळखीच्या सागरकडून त्याने नोटा तपासायची जांभळी बॅटरी मिळवली. सगळं शिकला, एक खेळ सोडून. बेसबॉल कसा खेळतात ते त्याने कधी विचारलंच नाही. एकदा एका अमेरिकनाला त्याने गंभीरपणे विचारलं होतं की तुमच्यात चौकाराला किती धावा देतात.

सहा वर्षांत त्याच्यासमोर सदतीस कार्डं आली आणि सदतीसही खोटी निघाली. कॉर्नेलियस लूप खाली ठेवायचा, डॉक्टर चष्मा काढतो तसा, आणि हळहळत म्हणायचा, "मफी ओरिजिनल." म्हणजे अस्सल नाही. अमेरिकनांनाही ते अरबी तोंडपाठ झालं होतं. लोक त्याला तज्ज्ञ म्हणत. तो अ‍ॅलिसला म्हणे, खोटं आहे असं सांगायला अक्कल कशाला लागते, डोळे मिटून सांगितलं तरी निकाल बरोबरच येतो. पण मनातून त्याला एक रुखरुख होती. एकदा, मरायच्या आत निदान एकदा, त्याला "खरं आहे" म्हणायचं होतं.

अशा माणसाकडे एका मंगळवारी संध्याकाळी लहू आला.

लहू परभणी जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. अकरा वर्षं याच इमारतीत मेंटेनन्सला. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारी माणसं म्हणजे तुस्कानोंचं घर आणि लहू. सुरुवातीला कॉर्नेलियसचं वसईचं मराठी आणि लहूचं परभणीचं मराठी एकमेकांसमोर आलं तेव्हा दोघांनीही नाइलाजाने हिंदीत बोलून घेतलं होतं. पुढे जमलं. लहूची बायको अंजना आणि मुलगी जागृती परभणीला. जागृती यंदा दहावीला. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची, त्यामुळे मुलगी दर खेपेला लहूला चार बोटं उंच आणि थोडी परकी दिसायची.

अकराव्या मजल्यावरचा अमेरिकन घर रिकामं करून गेला. कपाटात उरलंय ते घे, असं त्याने लहूला सांगितलं होतं. उरला होता एक टोस्टर, एका पायाचे दोन बूट आणि काचेची एक फ्रेम. फ्रेममध्ये जाड, तपकिरी पडलेल्या कार्डावर टोपी घातलेला, मिशा पिळलेला खेळाडू बॅट टेकून उभा होता. खाली वेलबुट्टीत १८८७.

"साल लिहिलंय त्याच्यावर," लहू म्हणाला.

"साल कोणीही छापतं. मी साल बघत नाही, मी कागद बघतो," कॉर्नेलियस म्हणाला आणि त्याने काच काढली.

लूप लावला. ठिपके नाहीत. पुन्हा लावला. एकही ठिपका नाही, नुसत्या रेषा, तपकिरी शाईच्या, जिवंत. जांभळी बॅटरी लावली. कार्ड कोळशासारखं विझलेलं राहिलं. नाकाशी नेलं. फार पुसट, पण काहीतरी पानांचा वास होता. "तंबाखू," तो पुटपुटला, "सिगारेटचं पाकीट." खेळाडूचा डावा कोपर जरा विचित्र वाकला होता. त्याचंही उत्तर कॉर्नेलियसकडे तयार होतं. बिनमोज्याने झेल घेऊन तेव्हाच्या खेळाडूंचे हात असेच मोडायचे. त्याने तेवढ्यात लहूला एकोणिसाव्या शतकातल्या हाडांवर एक छोटंसं व्याख्यानही दिलं. आणि बॅट टेकून उभं राहायची ती ऐट त्याला इतकी ओळखीची, इतकी घरची वाटली की त्याच्या मनात काही आलंच नाही.

"लहू, हे खरं आहे." त्याने लूप खाली ठेवला नाही, हातातच धरला.

"म्हणजे किती खरं?"

"अठराशे सत्त्याऐंशी."

लहू खुर्चीच्या काठावर सरकला. मग त्याने मनातलं सांगितलं. त्याचा व्हिसा संपत आला होता. पुढच्या दोन वर्षांच्या रिन्यूअलचा फॉर्म सुपरवायझरने त्याच्या हातात ठेवला होता आणि रविवारपर्यंत सही करून मागितला होता. रविवार गेला की कंपनी दुसरा माणूस आणणार. हे कार्ड खरं असेल तर तो सही करणार नव्हता. कार्ड एखाद्या अमेरिकनाला विकेल, परभणीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकेल आणि मार्चमध्ये जागृतीच्या परीक्षेला केंद्राच्या गेटवर बाकीच्या बापांसारखा उभा राहील.

"तुम्ही सांगा अंकल. करू का सही?"

कॉर्नेलियसने नुसतं कार्ड खरं म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण सदतीस वेळा तोंड आंबट करून बसलेल्या माणसाला पहिल्यांदा गोड घास मिळाला होता. तो म्हणाला, "अजिबात करू नकोस." वर कार्ड ठेवून घेतलं, शनिवारपर्यंत रीतसर रिपोर्ट लिहून देतो म्हणून.

बुधवार आणि गुरुवार कॉर्नेलियस जमिनीवर नव्हता. प्रेसच्या लेटरहेडवर त्याने तीन पानी रिपोर्ट लिहिला. कागद, शाई, वास आणि कोपर असे त्यात वेगवेगळे परिच्छेद होते. तुबलीत मशीनवरच्या पोरांना त्याने कामाच्या वेळात गोळा करून प्रवचन दिलं. कार्ड मात्र अ‍ॅलिसच्या नजरेला पडू दिलं नाही. अ‍ॅलिस घरातली प्रत्येक वस्तू हॉस्पिटलच्या सवयीने स्पिरिटने पुसते. एकोणिसावं शतक तिच्या तावडीत सापडलं असतं तर संध्याकाळपर्यंत विसावं झालं असतं.

शुक्रवारी चर्चमधल्या मासनंतर त्याची नात हॅझेल जेवायला आली. मुलगा सॅव्हिओ, त्याची मुलगी, चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे, आणि हे कॉर्नेलियसला माहीत होतं, फक्त त्या खेळाचा आपल्या विषयाशी काही संबंध असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आजोबांनी रुमालात गुंडाळलेलं कार्ड मोठ्या थाटात उघडलं. हॅझेलने बघितलं आणि ती इंग्रजीत म्हणाली की ग्रँडपा, असं कोणी उभं राहत नाही, बॅट खांद्यापाशी वर धरतात, हा तर जमिनीवर टेकून क्रिकेट खेळतोय.

"तेव्हा टेकत असतील. तू होतीस का तिथे?"

"तुम्ही होतात?" हॅझेलने विचारलं. हे एवढंच ती त्या दिवशी मराठीत बोलली.

तेवढ्यात दार उघडलं. अ‍ॅलिस सकाळची ड्युटी करून आली होती, एका हातात भाजीची पिशवी. रुमाल गुंडाळायला वेळच मिळाला नाही. तिने दारातूनच, चष्मा न लावता, टेबलाकडे बघितलं आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अरे, हे कुठे सापडलं? मला वाटलं गुदैबियाच्या जुन्या घरीच राहिलं."

"काय राहिलं?"

"हेच. तुझं चित्र. तीन वर्षं माझ्या गॅसच्या वर टांगलं होतं."

"माझं चित्र?"

"मग कोणाचं? तो कोपर बघ की. मिशा तेवढ्या महादेवने लावल्या. त्या दिवशी शर्टभर चहा सांडून आला होतास. मी दोन वेळा धुतला, डाग गेला नाही."

आणि कॉर्नेलियसला सगळं आठवलं. तेही अर्धवट नाही, तर अगदी सालासकट. सत्त्याण्णव. जुफैरमध्ये एक बर्गरचं हॉटेल उघडणार होतं आणि मालकाला भिंतींवर जुनी अमेरिका हवी होती. जुनी अमेरिका तुबलीत कोणाकडेच नव्हती. प्रेसचा आर्टिस्ट महादेव, मालवणचा, म्हणाला की मी काढतो, पण कोणीतरी समोर उभं राहा. कॉर्नेलियस तेव्हा पस्तिशीचा, चर्चच्या क्रिकेट टीमचा उपकप्तान, पहिल्या क्रमांकाचा फलंदाज. त्याने लाकडी खोक्याची एक फळी उचलली आणि गार्ड घेतल्यासारखा उभा राहिला. लहानपणी चिंचेवरून पडून डावा कोपर मोडला होता, तो पुढे कधी सरळ झाला नाही, म्हणून तो चित्रातही वाकडाच आला. बेसबॉल कोणालाच येत नव्हता, त्यामुळे कोणालाच काही खटकलं नाही. महादेवने टोपी आणि मिशा चढवल्या, सालही त्यानेच घातलं. बुटांच्या खोक्यांसाठी आणलेला करडा पुठ्ठा उरला होता, त्यावर तपकिरी शाईत चाळीस प्रती निघाल्या. त्या जुन्या दिसाव्यात म्हणून स्वतः कॉर्नेलियसने मोठ्या ट्रेमध्ये बिनदुधाचा सुलेमानी चहा ओतून त्यात बुडवल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. एक त्याने घरी नेली. हॉटेल चार-पाच वर्षांत बंद पडलं, फ्रेमा कुठे कुठे गेल्या.

ठिपके नव्हते, कारण चित्र नुसत्या रेषांचं होतं आणि रेषांना ठिपके लागतच नाहीत. पुठ्ठा चमकला नाही, कारण खोक्याच्या पुठ्ठ्यात चमक घालायला कोणी वेडा नाही. प्रेसमध्ये पहिल्या वर्षाचा हेल्परसुद्धा हे सांगेल. आणि तो वास तंबाखूचा नव्हता. कॉर्नेलियसने चार दिवस दहा पट मोठं करून स्वतःचं तोंड बघितलं होतं आणि ते मरून शंभर वर्षं झाल्याचा निकाल दिला होता.

हॅझेल हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. अ‍ॅलिसही हसली, पण तिला लहूची भानगड कळली तशी ती थांबली. "आत्ता खाली जा आणि सांग," ती म्हणाली. कॉर्नेलियस म्हणाला, उद्या. दुपारभर तो तीन पानी रिपोर्टच्या चिंध्या करत बसला, आणि कोपरावरचा परिच्छेद फाडताना त्याने तो आणखी बारीक फाडला.

शनिवारी सकाळी तो तळघरातल्या पंपाच्या खोलीत गेला. लहू पंपाचा व्हॉल्व्ह उघडून बसला होता. कॉर्नेलियसने रात्रभर एक युक्ती शिजवली होती. अर्धंच सांगायचं. त्याने फ्रेम बाकावर ठेवली आणि तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं की आणखी तपासण्या केल्या, पुठ्ठ्याच्या धाग्यांबद्दल शंका आली, तेव्हा कार्ड जुनं नाही असं दिसतं, तू आपला फॉर्मवर सही कर.

लहूने हात पुसले. फ्रेमकडे बघितलं. मग कॉर्नेलियसकडे.

"अंकल, मंगळवारी खरं होतं. शनिवारी खोटं कसं झालं? चार दिवस तर तुमच्याकडेच होतं."

"अरे, तपासणीत निघालं."

"कोणत्या? ठिपके आहेत का आता?"

"नाहीत."

"चमकायलंय का?"

"नाही."

"मग खोटं कामून म्हणायलेत?"

कॉर्नेलियसनेच लहूला सगळी परीक्षा शिकवून ठेवली होती आणि आता विद्यार्थी पेपर तपासत होता. अंकलना कार्ड स्वतःलाच हवंय, असा संशय लहूच्या नजरेत हळूहळू येतोय ते त्याला दिसलं. लहू वाईट शब्द बोलला नाही. तो एवढंच म्हणाला की ठीक आहे, ज्याचं त्याच्याजवळ, ठिपके नाहीत आणि चमक नाही म्हणजे मी ते खरंच धरणार, तुम्ही मंगळवारी जे बोललात त्यावरच मी चालणार. उद्या मी सही करत नाही.

म्हणजे कॉर्नेलियस चोर ठरला होता आणि लहू तरीही नोकरी सोडणार होता. तुस्कानोंच्या सात पिढ्यांत कोणाची एवढी अडचण झाली नसेल. शंका पुसायची तर एकच उपाय होता, आणि तो म्हणजे सगळं सांगणं, बर्गर, चहा, फळी, मिशा, सगळं. त्याने सांगितलं. लहूने ऐकलं आणि त्याचा विश्वास बसला नाही. असली गोष्ट ऐकून कोणाचा बसेल?

मग कॉर्नेलियसने कोपऱ्यातली पोछ्याची काठी उचलली. चष्मा काढला. गळ्यातला लूप काढून लहूच्या हातात दिला. पोट जमेल तेवढं आत घेतलं, डावा पाय पुढे टाकला, काठी जमिनीवर टेकली आणि मान वळवून पंपाकडे असं बघितलं की जणू समोरून नंदाखालचा सगळ्यात जलद गोलंदाज धावत येतोय. बासष्ट वर्षांचा माणूस, तळघरात, शनिवारी सकाळी साडेआठ वाजता.

लहूने लूप लावून कार्ड बघितलं. मग कॉर्नेलियस बघितला. पुन्हा कार्ड.

"कोपर," कॉर्नेलियस तसाच उभा राहून म्हणाला. "कोपर बघ. आणि लवकर बघ, पाठ धरली."

लहूने कोपर बघितला. हाताने चाचपून बघितला. अंगठ्याने कार्डावरच्या मिशा झाकल्या. आणि मग तो उलट्या बादलीवर बसला. कॉर्नेलियसला वाटलं आता हसेल. तो हसला नाही.

"जागृतीला सांगितलंय मी," तो म्हणाला. "गेटवर उभा राहतो म्हणून. तिने मैत्रिणींना पण सांगून टाकलं."

यावर लूप लावून बघण्यासारखं काहीच नव्हतं. कॉर्नेलियस काठी हातात धरून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला आपल्यावर हसू आलं नाही. तो म्हणाला की चूक माझी आहे, सही करू नकोस असं मी म्हणालो होतो, काय करू सांग.

लहूने खिशातून मोबाइल काढला. "अंजनाला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडाने नाही जमणार."

फोन लावला. पडद्यावर अंजना, मागे कूकरची शिट्टी. कॉर्नेलियसने पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी अर्धं नाही. तज्ज्ञ म्हणून त्याची जेवढी अब्रू जमा झाली होती तेवढी सगळी त्याने त्या फोनवर उतरवून ठेवली. शेवटी अंजनाने विचारलं, "म्हणजे काका, चार दिवस तुम्ही तुमचाच फोटो बघत होता?"

"हो, बाई."

"आणि ओळखला नाही?"

"नाही."

फोनमधून अंजनाचं हसू आलं, आणि तिच्या मागून जागृतीचं. ती पडद्याच्या बाहेर बसून सगळं ऐकत होती. लहू ते ऐकत राहिला आणि त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. जागृती ओरडून म्हणाली की पप्पा, ते कार्ड विकू नका, घरी आणा. अंजनाने नवऱ्याला सांगितलं की सही करा, पण मार्चची सुट्टी आधी लिहून घ्या, मग पेन उचला.

रविवारी लहूने तसंच केलं. सुपरवायझर आधी नुसतं इंशाल्ला, म्हणजे बघू, म्हणाला. लहूने पेन खिशात ठेवलं. मग सुपरवायझरने वीस दिवसांची रजा कागदावर लिहून दिली आणि लहूने सही केली. मार्चमध्ये तो परभणीला गेला, पाच पेपर गेटवर उभा राहिला, आणि ती फ्रेम जागृतीच्या टेबलावर ठेवून परत आला. जागृतीच्या मैत्रिणींना तो खेळाडू कोण ते सांगितलं जातं, आणि त्या कोपर बघायला मागतात.

कॉर्नेलियसने त्या शनिवारी तळघरातून बाहेर पडताना लहूला हात जोडले होते. ही गोष्ट इमारतीत कोणाला सांगू नकोस. लहू शब्दाचा पक्का. चहाच्या दुकानात कोणी विचारलं की कार्डाचं काय झालं, तर तो म्हणायचा, अंकलना विचारा. लोक अंकलना विचारायचे. आणि कॉर्नेलियस, स्वतःच्या उलट्या मेन्यूंची हकीकत चारचौघांत रंगवून सांगणारा कॉर्नेलियस, ही एक गोष्ट मात्र वर्षभर सांगू शकला नाही. अ‍ॅलिसने शेवटी त्याला एका शुक्रवारी दुकानातच, सगळ्यांसमोर, बोलायला लावलं. तेव्हापासून तोच ती सगळ्यांना सांगतो, काठी घेऊन, उभा राहून.

त्या आधीच्या वर्षात जे कुजबुजलं गेलं त्यामागचं खरं एवढंच. कार्ड कोणी बदललं नव्हतं. कार्ड एकच होतं, सत्त्याण्णव साली तुबलीत छापलेलं. पत्रे सॅव्हिओने घातले. आणि ते कार्ड बदलल्याची अफवा कॉर्नेलियसने स्वतःच उठवली होती. चहाच्या दुकानात त्याला कोणीतरी विचारलं की चार दिवसांत असं हुबेहूब छापता येतं का, आणि आपलं तोंड आपण ओळखलं नाही हे सांगण्यापेक्षा चोर ठरणं त्याला परवडलं, म्हणून तो नाही म्हणाला नाही.